मामाजी

तीन वर्षं फक्त आवाज होता.

पिपरटोल्याच्या शेवटच्या घराचं मीटर वाचून
नाल्याच्या वाटेनं परत निघालो
की कहूच्या दाटीतून कुणीतरी हसायचं,
खरखरीत, चिलीम ओढणाऱ्या माणसासारखं,
आणि एकदम थांबायचं,
जसं काही आता बोलायची पाळी माझी.

मी मोटारसायकल बंद करायचो. हेल्मेट काढायचो.
पानं. पानांमागे पानं. पाण्यावर सडा उंबरांचा.
आम्हाला डायरीत शेरे लिहायची सवय:
घर बंद. काच धुरकट. आकडा दिसत नाही.
मनातल्या मनात त्यातलाच एक शेरा मारून
मी वडशाकडे वळायचो.

तारेवरचा खंड्या मला ठाऊक होता,
पांढऱ्या छातीचा, आमच्या लाईनीवरच संसार मांडलेला.
हा त्याच कुळातला,
पण तारेला न शिवणारा.

सायत्रा मारबते नाल्यात गुडघाभर उभी होती
झिंग्यांसाठी पाटी तिरपी धरून.
तिला विचारलं. हसली.
"तो व्हय जी? तो आमचा मामाजी.
बोलला का पदर घ्याचा आन् खाली पाहाचं.
सासऱ्याचं तोंड कोन पायते?"
चाळीस वर्षं ह्याच पाण्यात उतरलेली बाई,
तिनं त्याला कधी धड पाहिला नव्हता.
की पाहिला होता, आणि सांगत नव्हती.

दिवाळी उलटली. धान कापून बांध्यांत पडलेलं,
पाणी ओसरून दगडांवर हिरवी रेघ.
तिनंच मला खुणेनं बसवलं वारुळाच्या आड.
बूट काढायला लावले.
"बुटाचा आवाज सरकारी असते," म्हणाली.
खिशातला पेनही, चमकतो म्हणून.
फोन मी आपणहून बंद केला.

किती वेळ गेला, कुठल्या मीटरवर चढला नाही.
पायाला मुंग्या आल्या; खऱ्याच, लाल,
आणि हलायचं नाही.
एक म्हैस आली, प्यायली,
आमच्याकडे बघून विचारात पडली, गेली.
करंजाची शेंग पडली.
मी पाण्यावर बघत होतो,
मासे खाणारा पाण्यापाशीच असेल म्हणून.
मग पाणी बघणं सोडलं.
शोधणंच सोडलं असं काही म्हणवत नाही.
थकलो, एवढंच.

तेव्हा कळलं, समोरच्या आडव्या फांदीवरची
जी गाठ मी तासभर गाठ म्हणून बघत होतो,
तिला चोच आहे.

लाल. पण कुंकवाची नव्हे,
भट्टीतून काढलेल्या विळ्याची, विझत आलेली.
एवढ्याशा पाखराला ही एवढी चोच,
धाकट्यानं थोरल्याचा सदरा घालावा तशी.
डोकं मातकट, पोट धानाच्या पेंढीच्या रंगाचं,
पाठ मिटलेली.
निळं जे काही असेल ते
आत घडी करून ठेवलेलं.

तो आमच्याकडे बघत होता.
बहुतेक बूट काढले तेव्हापासून.

शेजारी हालचाल झाली. चोरून पाहिलं:
साठीची सायत्रा, पोटऱ्यांवर वाळलेला चिखल,
ओल्या बोटांनी पदर डोक्यावर घेत होती
हळू, पार कपाळापर्यंत,
आणि काठाखालून
डोळे वर करून पाहत होती.

फांदी हलली. आणि निळं!
पाठीवर, दोन पंखांच्या मध्ये,
डीपीत फेज जुळताना उडतं तसं,
नंतरही डोळ्यांत राहणारं.
नाल्याच्या वळणापर्यंत गेलं, आणि वळणापलीकडून
तेच हसू.

"दिसला ना?"
"कोन जी?" ती म्हणाली,
आणि पाटीतल्या झिंग्यांवर पाणी शिंपडलं.

एका बुटात मुंग्या शिरल्या होत्या.
झटकला, घातला, निघालो.
वडशात चहाच्या टपरीवर कुणीतरी दाखवून दिलं,
दोन्ही उलट्या पायांत होते.